जळाली तरी चालेल, थांबता कामा नये

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचं गाव आहे. तिथे किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विहिरीवर, बोअरवर गेलात तर पत्र्याच्या पेटीत एक स्टार्टर दिसेल. एक हिरवं बटण, एक लाल बटण, आत एक कॉइल आणि एक रिले. शाळेत विज्ञानात नापास झालेल्या शेतकऱ्यालाही या पेटीचं विज्ञान पाठ असतं. व्होल्टेज पडलं की कॉइल सुटते आणि मोटर बंद होते. तीनपैकी एक फेज गेला की प्रिव्हेंटर मोटर तोडतो. पंपात काही अडकलं, मोटर जास्त करंट ओढायला लागली की ओव्हरलोड रिले पडतो. गेलेली लाईट परत आली तरी मोटर आपली आपण सुरू होत नाही, कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. रात्रीच्या पाळीची लाईट असली की शेतकरी अंधारात विहिरीकडे का निघतो, त्याचं कारण ही कॉइल आहे. तो त्रास टाळायला मग कुणी 'ऑटो' बसवून घेतं.

या पेटीचं एकच ध्येय असतं: मोटर वाचली पाहिजे. मोटर जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च येतो, मोटर वर काढायची मजुरी येते, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पीक तहानलेलं राहतं. त्यापेक्षा तासभर पाणी बंद राहिलेलं परवडतं. हिशोब साधा आणि बरोबर आहे.

आता याच भागातला एखादा तरुण आयटीआय करून पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या वीस मजली इमारतीत वायरमन म्हणून लागतो, किंवा सिक्युरिटीत. तळघरात त्याला लाल रंगाचा भला मोठा पंप दिसतो. शेजारी तसलंच पॅनेल, तसलीच हिरवी-लाल बटणं. फरक दिसतो तो फक्त आकाराचा. गावाकडची मोटर तीन किंवा पाच एचपीची, ही साठ-सत्तरची. पण खरा फरक आकारात नाही. या पंपाचा नियम गावाकडच्या पंपाच्या बरोबर उलटा आहे. हा आगीचा पंप आहे, आणि त्याच्याबद्दल जगभरातले नियम थोडक्यात एवढंच सांगतात: मोटर जळाली तरी चालेल, ती थांबता कामा नये.

हा उलटा नियम कसा जन्माला आला आणि आपल्याकडे त्याचं काय झालं, त्याची ही गोष्ट.

वाफेच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता

एकोणिसाव्या शतकात आगीची सगळ्यात जास्त भीती होती कापडगिरणीला. हवेत कापसाचे तंतू, जमिनीवर तेल, यंत्रांचं घर्षण आणि उजेडाला उघड्या ज्योती. मँचेस्टर असो, अमेरिकेतलं न्यू इंग्लंड असो की १८५० च्या दशकापासून वाढत गेलेली मुंबईची गिरणगावं, एक ठिणगी पडली की पूर्ण मजला पेटायचा. यातूनच आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचा शोध लागला. १८७४ साली अमेरिकेतल्या हेन्री पार्मेली यांनी आपला पियानोचा कारखाना वाचवण्यासाठी तो बनवला. पुढे १८८० च्या दशकात फ्रेडरिक ग्रिनेल यांनी त्यात सुधारणा करून तो गिरण्या-गिरण्यांत पोचवला.

स्प्रिंकलरला, पाण्याच्या नळखांबाला दाब लागतो आणि दाबासाठी पंप लागतो. तेव्हाचा पंप वाफेवर चालायचा. गिरणीचा बॉयलर दिवसरात्र तापलेला असायचा, त्यातली थोडी वाफ पंपाकडे वळवली की काम झालं. पंपाचं आणि आगीचं नातं सरळ होतं. बॉयलर शाबूत आहे तोवर पंप शाबूत.

हे पंप कसे असावेत, हे सरकारनं ठरवलं नाही. ते विमा कंपन्यांनी ठरवलं, कारण गिरणी जळाली की पैसे त्यांच्या खिशातून जायचे. १८९५ च्या सुमारास बॉस्टन शहराच्या आसपास स्प्रिंकलरच्या नळांसाठी नऊ वेगवेगळी मापं चालू होती. हा गोंधळ मिटवायला विमा कंपन्यांची माणसं एकत्र आली आणि १८९६ साली त्यांनी नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था काढली. तिनं १८९९ मध्ये फक्त पंपांसाठी एक समिती नेमली. तिचे पाचही सदस्य विमा क्षेत्रातलेच होते. आगीच्या पंपाचा पहिला कायदा अशा रीतीनं नफातोट्याच्या वहीतून आला. तो कमी प्रामाणिक होता असं मात्र नाही. आपला पैसा जळणार असेल तर माणूस नियम नीट लिहितो.

वीज आली आणि गाठ पडली

मग वीज आली. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. बॉयलर, कोळसा, धूर यांची जागा तारांनी घेतली. पंपही विजेवर गेले. विजेचा पंप स्वस्त, स्वच्छ, बटण दाबताच सुरू होणारा. पण त्याच्याबरोबर एक नवीन अडचण आली, जी वाफेच्या काळात नव्हती. ज्या तारेतून पंपाला वीज येते, ती तार त्याच इमारतीतून जाते जी पेटलेली आहे.

त्यात भर म्हणजे आग लागली की माणूस सगळ्यात आधी काय करतो? मेन स्विच पाडतो. ही प्रतिक्रिया चुकीची नाही. पाण्याच्या फवाऱ्यातून शॉक बसू नये म्हणून अग्निशमन दलाचे जवानही आधी वीज तोडायला सांगतात. आणि विजेचा सगळा कायदा याच विचारावर उभा आहे. तार तापली की फ्यूज उडाला पाहिजे. गळती झाली की ब्रेकर पडला पाहिजे. संशय आला की तोडा. घरातला एमसीबी, रस्त्यावरच्या डीपीतला फ्यूज, शेतातला स्टार्टर, सगळे एकाच शाळेत शिकलेले.

भारतातही तसंच होतं. १९१० च्या वीज कायद्याच्या पाठोपाठ १९५६ चे भारतीय वीज नियम आले. त्यांच्यातल्या ५० अ या नियमात पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी वेगळ्या तरतुदी होत्या. त्यातली एक अशी की वीज जिथून इमारतीत शिरते तिथे, सहज हात पोचेल असं एक साधन हवं, ज्यानं संकटाच्या वेळी पूर्ण इमारतीचा पुरवठा तोडता येईल. २०१० साली केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले, त्यांनीही हीच तरतूद पुढे चालवली.

आता दुसरी बाजू बघा. त्याच उंच इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी पोचवणारा पंप याच विजेवर चालतो. संकटात पूर्ण पुरवठा तोडायचा, तर संकटासाठीच ठेवलेला पंप कशावर चालायचा? एक नियम म्हणतो तोडा, दुसरा म्हणतो चालू ठेवा. आगीच्या पंपाच्या विजेचा सगळा इतिहास म्हणजे ही गाठ सोडवण्याचा इतिहास आहे.

गाठ कशी सोडवली

भारतात ही गाठ कागदावर नीट सोडवली ती पुन्हा विमा क्षेत्रानंच. १९६८ साली विमा कायद्यात दुरुस्ती होऊन टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी अस्तित्वात आली. कारखान्यांच्या आगीच्या विम्याचे दर ही समिती ठरवायची, आणि सवलत हवी असेल तर पंप, नळ, स्प्रिंकलर कसे हवेत याचे नियमही तीच द्यायची. २००७ साली विम्याचे दर खुले झाले आणि समितीचा तो अधिकार संपला, पण तिच्या नियमांची भाषा आजही आपल्या अनेक संहितांमध्ये सापडते.

पंपाच्या विजेबद्दल त्या नियमांत जे आहे, ते शेतकऱ्याच्या स्टार्टरशेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, पंपाची जोडणी मेन ब्रेकरच्या आधीच्या बाजूनं घ्यायची. म्हणजे मेन पाडला, पूर्ण इमारत अंधारात गेली, तरी पंपाची वीज चालूच राहते. 'तोडा' आणि 'चालू ठेवा' या भांडणाचा हा निकाल: इमारतीसाठी एक स्विच, पंपासाठी वेगळी वाट. पंपाच्या स्विचवर ठळक पाटी हवी, की आगीच्या वेळी हा बंद करायचा नाही.

दुसरी, सबस्टेशनपासून पंपघरापर्यंत स्वतंत्र केबल हवी. तिच्यावर मध्ये कुठेही दुसरा जोड द्यायचा नाही. ती जमिनीखालून न्यायची, आणि तीही कुठल्या इमारतीखालून नाही, कारण वरची इमारत कोसळली तर केबल सापडणार तिच्याखाली.

तिसरी गोष्ट सगळ्यात धीट आहे. पंपाचा ब्रेकर असा लावायचा की मोटर बनवणारा जेवढं सहन करता येईल म्हणतो, तेवढा जास्तीत जास्त भार तिला घेऊ द्यायचा. आणि ब्रेकरमधली नो-व्होल्ट कॉइल काढूनच टाकायची. तीच कॉइल, जी चकलांब्याच्या विहिरीवर मोटरचा जीव वाचवते.

असं का, हे समजायला मोटरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. मोटर सुरू होताना, किंवा ती अडकून पडली तर, नेहमीच्या साधारण सहापट करंट ओढते. तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे सहापट करंट म्हणजे छत्तीसपट उष्णता. व्होल्टेज पडलं तरी मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट घेते. आगीत नेमकं हेच सगळं घडतं. केबल तापते, व्होल्टेज झोल खातं, पंप पूर्ण ताकदीनं पळत असतो. साध्या स्टार्टरच्या नजरेत ही सगळी मोटर बंद करण्याची कारणं आहेत. आगीच्या नजरेत यातलं एकही कारण पुरेसं नाही. मोटर दहा मिनिटांनी जळणार असेल, तर ती दहा मिनिटं पाणी हवंय. दहा मिनिटांत जिन्यावरून माणसं उतरतात.

त्या दहा मिनिटांत किती पाणी? आपल्याकडच्या उंच इमारतींच्या पंपासाठी मिनिटाला २२८० लिटर हा आकडा नेहमी दिसतो, त्याहून उंच इमारतींना २८५०. दुष्काळात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर या पंपापुढे साडेचार मिनिटांत रिकामा होईल.

अमेरिकेतही हा उलटा नियम मुख्य विद्युत संहितेत उशिराच शिरला. ती संहिता १८९७ पासून आहे, पण तिच्यात आगीच्या पंपांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं १९९६ मध्ये, म्हणजे ९९ वर्षांनी. तोवर हे नियम पंपांच्या वेगळ्या संहितेत होते. त्या नव्या प्रकरणानं विजेच्या माणसांना त्यांच्याच पुस्तकात सांगितलं, की पंपाच्या वरच्या बाजूचा फ्यूज किंवा ब्रेकर अडकलेल्या मोटरचा करंटही अखंड सोसेल असाच निवडा. जो ब्रेकर आयुष्यभर तोडायला शिकला, त्याला इथे सोसायला सांगितलं.

एकाच शाफ्टमध्ये दोन वाटा

नियम लिहिणं एक आणि इमारतीत तार ओढणं दुसरं. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर आग लागली. या इमारतीला विजेच्या दोन वाटा होत्या, एक मुख्य आणि एक पर्यायी. कागदावर अगदी चोख. पण दोन्हींच्या केबली एकाच उभ्या शाफ्टमधून गेल्या होत्या. आगीनं तो शाफ्ट गाठला आणि दोन्ही वाटा एकदमच गेल्या. जनरेटरनंही ऐनवेळी साथ दिली नाही. दिवे नाहीत, लिफ्ट नाही, वरच्या मजल्यांच्या नळांना पुरेसा दाब नाही. जवानांना अंधारात जिने चढत पाण्याचे पाइप वर न्यावे लागले. तिघा जवानांचा जीव गेला. आग एकोणीस तास चालली आणि थांबली ती ३०व्या मजल्यावर, तिथल्या दहा स्प्रिंकलरपुढे. त्या स्प्रिंकलरना पाणी मिळत होतं खाली उभ्या असलेल्या बंबांच्या पंपातून.

त्या आगीचा धडा इंजिनिअर आजही शिकवतात: दोन वाटा म्हणजे दोन केबली नव्हेत. एकाच आगीत दोन्ही जाणार नाहीत, तेव्हाच त्या दोन म्हणायच्या. म्हणून तर विजेच्या पंपाशेजारी डिझेलचा पंप ठेवायचा. त्याला तारेची गरज नाही. त्याला चालू बॅटरी आणि टाकीत डिझेल हवं. आणि जी केबल आगीच्या वाटेनं जाणारच असेल, ती मायकाच्या टेपचं वेष्टन असलेली हवी. अशा केबलींची एक ब्रिटिश चाचणी आहे: ९५० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेत तीन तास, आणि तरी तिच्यातून वीज वाहिली पाहिजे.

आपला कायदा, आपली कुलपं

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली आली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती नव्यानं लिहिली गेली. तिच्या चौथ्या भागात आगीचा सगळा विचार आहे: विजेचा मुख्य पंप, पर्यायी डिझेल पंप, नळांतला दाब कायम ठेवणारा छोटा जॉकी पंप, आणि त्यांचा स्वतंत्र वीजपुरवठा. पण संहिता म्हणजे शिफारस. तिला दात येतात ते राज्याच्या कायद्यानं. महाराष्ट्रानं २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा केला, तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, अग्निशमन दलाची नाही. दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', द्यावं लागतं.

कायद्यानंतरही आगी थांबल्या नाहीत. २१ जून २०१२ ला ज्या मंत्रालयातून हा कायदा निघाला तेच पेटलं. चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत गेली आणि पाच माणसं गेली. १८ जुलै २०१४ ला अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या २२ मजली इमारतीत वर गेलेले जवान अडकले, काहींना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं, आणि नितीन इवलेकर हे जवान परतले नाहीत. बीडच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला ६ नोव्हेंबर २०२१ ला आग लागली आणि कोविडचे अकरा रुग्ण दगावले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली होती. या सगळ्या आगींची कारणं वेगवेगळी आहेत, सगळ्यांचं खापर पंपाच्या वायरीवर फोडता येणार नाही. पण त्यांतून एक साधी गोष्ट कळते. शिडी ठरावीक उंचीपर्यंतच पोचते, बंब रस्त्यात अडकू शकतो, आणि पहिल्या काही मिनिटांत जे काही करायचं ते इमारतीच्या आतच असावं लागतं, चालू स्थितीत.

आणि इथेच शेतातला स्टार्टर पुन्हा आठवतो. आगीच्या पंपाचा घात करायला वाईट हेतू लागत नाही. काटकसर पुरते आणि सवय पुरते. केबल महाग, म्हणून पंपाची जोडणी मेन ब्रेकरच्या नंतर घेतली जाते. जवळचंच पॅनेल म्हणून त्याच्यावर पार्किंगचे दिवे किंवा पाणी चढवायची मोटर जोडली जाते. बाजारात मिळतो तो साधा स्टार्टर बसवला जातो, कॉइलसकट, रिलेसकट, आणि बसवणाऱ्याला वाटतं आपण मोटरची काळजी घेतली. नळातली गळती दुरुस्त होत नाही, दाब उतरला की जॉकी पंप सारखा सुरू होतो, आवाजाची तक्रार येते, म्हणून कुणीतरी 'ऑटो'चा स्विच 'मॅन्युअल'वर फिरवतं किंवा 'ऑफ'वर. तो परत फिरवायचा राहून जातो. पंपघराला कुलूप लागतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे रात्रपाळीच्या माणसाला सांगितलेलं नसतं.

तपासणीतही एक फट राहते. आगीची यंत्रणा बघणारे वेगळे, वीज बघणारा विद्युत निरीक्षक वेगळा. एकाला पाण्याचा दाब दिसतो, दुसऱ्याला तारेचं इन्सुलेशन. मेन पाडून मग पंप सुरू करून बघितला, तर दोघांचे प्रश्न एकाच मिनिटात सुटतात. पण मेन पाडला की लिफ्ट थांबते, लोक ओरडतात. म्हणून पंप सुरू करून दाखवला जातो तो सगळी वीज चालू असताना. ज्या दिवशी तो लागणार आहे, त्या दिवशी परिस्थिती तशी नसेल.

या साखळीच्या शेवटी उभा असतो तो रात्रपाळीचा तरुण. पंपाची मोटर खडखडतेय, केबलला वास येतोय, अँमीटरचा काटा टोकाला गेलाय. गावाकडचं सगळं शिक्षण त्याला सांगतं की लाल बटण दाब, मोटर जळेल. त्याला मिळालेल्या प्रशिक्षणात जर आगीच्या पंपाचा उलटा नियम नसेल, तर तो बटण दाबेल, आणि आपण योग्य तेच केलं असं त्याला प्रामाणिकपणे वाटेल. त्याला दोष देता येणार नाही. सव्वाशे वर्षांत विमावाल्यांनी, इंजिनिअरांनी आणि आगीत गेलेल्या माणसांनी मिळून जे शिकवलं, ते त्या पॅनेलपर्यंत पोचवण्याचं काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

जुन्या विमा नियमांमध्ये एक छोटी शिफारस आहे. पंपाच्या वाटेवर वीज आहे हे सांगणारे दिवे लावावेत, एक सबस्टेशनमध्ये आणि एक पंपघरात, ठळक जागी, चोवीस तास जळणारे. पंप वर्षानुवर्षं न चालता उभा असतो. तो जिवंत आहे की नाही हे त्या दिव्याशिवाय कुणाला कळणार?

तुम्ही उंच इमारतीत राहत असाल, किंवा तुमचा भाऊ अशा इमारतीत कामाला असेल, तर एकदा तळघरात जाऊन बघा. पंपघर उघडतं का? स्विच 'ऑटो'वर आहे का? त्या स्विचवर पाटी आहे का, आणि ती रात्रपाळीच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत आहे का? सोसायटीच्या सभेत एकच मागणी करा: पुढच्या तपासणीला आधी मेन पाडा, मग पंप लावा. पाच मिनिटं लिफ्ट बंद राहील. आणि इमारत अंधारात असताना पंपघरातला तो दिवा जळत राहिला, तर तुमच्या इमारतीत तो उलटा नियम खरोखर पोचला आहे.